मिस्त्री काय म्हणतात?

मावरोलिथी गावात असिमीनामावशीच्या घरचा फोन वाजला की समोरचा माणूस फारशी विचारपूस न करता थेट आपल्या इंजिनाचं रडगाणं सुरू करायचा. मावशी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. मध्ये एकदाच विचारायची, "गरम झाल्यावर होतं, की थंड असतानाही?" आणि मग म्हणायची, "थांब. त्याला विचारते." रिसीव्हर बोळातल्या तिपाईवर ठेवून ती अंगणापलीकडच्या गॅरेजात जायची. थोड्या वेळानं फरशीवर चपला घासत परत यायची.

"तो म्हणतोय, गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या बशीत काढ आणि उन्हात धरून बघ. सोनेरी चकाकी दिसली तर आतल्या पितळी कड्या झिजतायत. घाबरू नकोस, पण तिसरा गिअर घाईनं टाकत जाऊ नकोस. रुपेरी दिसली तर मात्र गाडी जागची हलवायची नाही. कळलं?"

समोरचा निमूट हो म्हणायचा. यात वावगं काहीच नव्हतं. फक्त ज्याला विचारायला मावशी जायची तो तिचा नवरा, पेलोपीदास मिस्त्री, दोन वर्षांपूर्वी वारला होता.

तो जिवंत होता तेव्हाचं आधी सांगायला हवं, नाहीतर मावशीला तुम्ही खुळी समजाल, आणि खुळी ती अजिबात नव्हती. आमच्या डोंगरात ईस्टरच्या पुढच्या रविवारी चढणीची शर्यत असते. खालच्या पुलापासून वरच्या मठापर्यंत एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. पळवणारे कुणी नावाजलेले रेसर नव्हेत. कुणी बेकरीवाला, कुणी शाळेत कवायत शिकवणारा, कुणी पात्रा शहराच्या बंदरात क्रेन चालवणारा. आठवडाभर पोटापाण्याचं बघायचं आणि सुटी मिळाली की घरामागच्या शेडमध्ये गाडीखाली आडवं व्हायचं. इंजिन आपणच उघडायचं, गिअरबॉक्स आपणच उतरवायचा, आणि घोडं अडलं की पेलोपीदासला फोन लावायचा. गाडी दुसऱ्याच्या गॅरेजात नेऊन सोडली तर यांचं नाक कापलं जातं, फोनवर विचारलं तर जात नाही. आमच्याकडच्या पुरुषांची अब्रू ही अशी सोयीची असते.

अडचण एवढीच, की पेलोपीदासला फोन ऐकू येत नसे. उघड्या एक्झॉस्टच्या इंजिनांपाशी उभं राहून राहून पन्नाशीतच त्याचे कान गेले होते. ओठांवरून त्याला कळायचं ते फक्त बायकोचं. बाकीच्यांच्या मिशा मध्ये येतात, असं तो म्हणायचा. पण इंजिन मात्र त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं ऐकू यायचं. त्याच्याकडे ऑलिव्हच्या लाकडाची हातभर काठी होती. एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. आवाज कानांना वळसा घालून हाडांतून डोक्यात जायचा. वर्षानुवर्षं चावून त्या टोकाला दातांचे खड्डे पडले होते.

आणि फोनवर? असिमीना रिसीव्हर एका कानाला लावायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं नवऱ्याच्या मनगटावर तो आवाज वाजवून दाखवायची. पलीकडचा माणूस फोन बॉनेटपाशी धरायचा, इकडे मनगटावर टक-टक व्हायचं. पेलोपीदास डोळे मिटून बसायचा आणि मग सांगायचा. तो सांगायचा ते असिमीना फोनमध्ये सांगायची. म्हणजे कितीतरी वर्षं मिस्त्रींचा सल्ला लोकांनी ऐकला तो मावशीच्याच आवाजात. चारचौघांत तो तिला असिमीना म्हणायचा. पण गॅरेजात दोघंच असली की, "ए टेलिफोन, तो दहाचा पाना दे." ती फणकारायची, पाना आपटून द्यायची, आणि मनातून तिला ते आवडायचं. हे नाव तिनं सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलं नाही. नवऱ्यानं बायकोला टेलिफोन म्हणणं ही काय सांगायची गोष्ट आहे?

एका हिवाळ्यात तो गॅरेजातल्या खुर्चीतच गेला. काठी मांडीवर तशीच होती. नवव्या दिवसाची प्रार्थना उरकून, उकडलेला गहू वाटून मावशी घरी आली तर फोन वाजत होता. पार उत्तरेकडचा, फ्लोरिनाचा एक माणूस होता. त्याला काही कळलेलं नव्हतं.

"मावशी, हेड परत बसवतोय. बोल्ट कुठून आवळायला घेऊ, मिस्त्रींना विचारा ना."

तो गेला असं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "थांब, विचारते." पाय सवयीनं गॅरेजात गेले. रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून तिनं ओठ नीट हलवून प्रश्न विचारला. उत्तर तिला पाठच होतं. परत येऊन तिनं सांगितलं, "तो म्हणतोय, मधून सुरू कर आणि फिरत फिरत बाहेर जा. आणि तीन हप्त्यांत आवळ, एका दमात नाही."

"मिस्त्रींना देव उदंड आयुष्य देवो!" तो माणूस म्हणाला. रिसीव्हर ठेवून मावशी आधी हसली आणि मग बोळातच भिंतीला टेकून रडायला लागली, तोच पुन्हा फोन वाजला.

पुढे गावात आणि आसपास सगळ्यांना कळलं. तरी फोन येतच राहिले. ज्यांनी शवपेटीला खांदा दिला होता तेही मान खाली घालून विचारायचे, "मिस्त्री काय म्हणतात?" पाद्रीबाबांनी नाक मुरडलं, पण त्यांच्याही गाडीचा क्लच घसरत होता. खरं सांगायचं तर असिमीनानं 'मला वाटतं' अशी सुरुवात केली असती तर यातला प्रत्येक जण तिच्याशी तासभर भांडला असता. मेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. उत्तरं आपल्याच डोक्यातून येतात हेही ठाऊक होतं. काही त्याच्या तोंडून ऐकलेली, काही हळूहळू तिची तिनंच जुळवलेली. पण एक नेम तिनं कधी मोडला नाही. गॅरेजात गेल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. खुर्चीच्या हातावर बोटानं तो आवाज वाजवायचा, विचारायचं, थांबायचं, आतून हो आलं की मगच परतायचं. कधी खुर्चीची बैठक हाताला कोमट लागायची. ऊन खिडकीतून येतं, असं ती म्हणायची, पण ती खिडकी उत्तरेची होती. खिळ्याला टांगलेल्या काठीचं दातांचं टोक कधी वर असायचं, कधी खाली. उंदीर असतील, असं ती म्हणायची. टांगलेली काठी उलटी करून पुन्हा टांगणारे उंदीर मी तरी पाहिलेले नाहीत.

आता आर्गिरिस. तो गावचा बेकरीवाला. मावशीला मूलबाळ नव्हतं, पण आर्गिरिसला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं होतं तिनं. म्हणजे ती त्याची नोना, धर्माची आई. तो रोज सकाळी गरम पाव घेऊन यायचा आणि कॉफी होईपर्यंत गाडीचं पुराण लावायचा. त्याच्याकडे एक छोटी लाल, दोन दारांची गाडी होती. तिच्यात त्यानं मोठ्या गाडीचं इंजिन कोंबलं होतं, आणि इंजिनानं झटक्यात उसळी घ्यावी म्हणून इंजिनामागचं जड लोखंडी चाक, म्हणजे फ्लायव्हील, लेथवर घासून हलकं केलं होतं. सगळं स्वतःच्या हातानं, बेकरीमागच्या शेडमध्ये. मावशीचा जीव त्याच्यावर होता, आणि त्याचा त्या गाडीवर.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्याकडे घरोघरी अंडी लाल रंगात रंगवतात. मावशीचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते, चुलीवर पातेलं उकळत होतं, आणि फोन वाजला.

"नोना, फ्लायव्हील बसवतोय," आर्गिरिस म्हणाला. "आठ बोल्ट आहेत. नवे मागवले ते आलेच नाहीत, आणि आता सणामुळे दुकानं बंद. जुनेच साफ करून लावले तर चालतील का? मिस्त्रींना विचार ना."

पेलोपीदास काय म्हणाला असता हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. फ्लायव्हीलचे बोल्ट आवळले की ताणले जातात, आणि एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तसा धरत नाही. उष्टा बोल्ट, म्हणायचा तो. उष्टं कुणाच्या पानात वाढतात का? असं विचारायचा आणि जुने बोल्ट सरळ भंगारात टाकायचा.

"नोना, आज बसलं नाही तर शर्यत गेली माझी. वर्षभर खपलोय गं."

"थांब," ती म्हणाली.

गॅरेज अंगणापलीकडे होतं. अंडी फुटायला आली असती. आणि पोराचा आवाज असा काकुळतीला आला होता, की त्याला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. ती गेलीच नाही. रिसीव्हर छातीशी धरून, जायला-यायला लागतो तेवढा वेळ ती बोळातच उभी राहिली. शेवटी जागच्या जागी चपला घासून तिनं आल्याचा आवाजही केला.

"तो म्हणतोय, चालतील. धागे नीट साफ कर, बोल्टचा गोंद लाव आणि टॉर्क पान्यानंच आवळ."

"मिस्त्रींना माझ्याकडून एक मुका दे!" आर्गिरिस ओरडला. रिसीव्हरवर तिच्या लाल बोटांचे ठसे उमटले होते. तिनं हाताशी असलेलं फडकं घेऊन घासलं, पण ते गेले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

भर दुपारी आमचं गाव मेल्यागत पडतं. खिडक्यांच्या झडपा बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. जुन्या बायका त्या वेळी पोरांना बाहेर सोडत नाहीत, आणि का ते सांगतही नाहीत. मावशी पलंगावर आडवी झाली होती. गॅरेजातून आवाज आला. टक-टक. टक. जरा थांबून पुन्हा टक-टक. टक. गुड फ्रायडेची देवळातली घंटा असेल म्हणून तिनं कूस बदलली. पण घंटा बंद झाली आणि हे चालूच राहिलं.

ती उठून गेली. आत सगळं जिथल्या तिथं होतं. खुर्ची, खिळ्यावरची काठी, ओट्यावरचे पाने, गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर टाकलेल्या फळ्या. आवाज खड्ड्याच्या बाजूनं येत होता. तिनं पहिल्या फळीवर डावा पाय ठेवला आणि तो थांबला. पाय उचलला तशी टक-टक. टक. पुन्हा पाय दाबला. चिडीचूप.

"फळी सैल झालीय," ती मोठ्यानं म्हणाली. तिनं फळीवर जुन्या गिअरबॉक्सचं जड झाकण आणून ठेवलं. दुसऱ्या दुपारी झाकण जागेवर होतं आणि आवाजही होता. तिच्या पायाशिवाय कशालाही तो थांबत नव्हता. पाय दाबला की गप्प, उचलला की सुरू.

ईस्टरच्या मेणबत्तीची ज्योत देवळातून जपून घरी आणायची आणि तिच्या काजळीनं दाराच्या चौकटीवर क्रूस काढायचा, ही आमची रीत. त्या वर्षी मावशीनं घराआधी गॅरेजाच्या चौकटीवर क्रूस काढला. दुसऱ्या दुपारी क्रूसही होता आणि खालून आवाजही येत होता. म्हणजे जे होतं ते वाईट नव्हतं. वाईट नव्हतं तर मग कोण होतं, हे मनाशी उच्चारायची तिची हिंमत होईना. पुढचे काही दिवस फोन आले तर ती सांगायची, "सणासुदीचे दिवस आहेत, तो पडलाय जरा. पुढच्या आठवड्यात कर." लोकांनाही ते पटलं. आमची माणसं एकदा मानायला लागली की काहीही मानतात.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अशाच मेलेल्या दुपारी आर्गिरिसची लाल गाडी अंगणात येऊन थांबली. इंजिन चालूच ठेवून तो उतरला आणि ईस्टरनंतर आमच्याकडे नमस्काराऐवजी जे म्हणतात ते म्हणाला.

"ख्रिस्त उठला, नोना!"

"खरंच उठला," मावशी म्हणाली आणि कॉफीचा कप हातात घेऊन पायरीवरच थिजली. गाडीतून आवाज येत होता. टक-टक. टक. तेच अंतर, तोच ठेका. आठवडाभर तिनं हाच आवाज ऐकला होता. फक्त तो या गाडीचा आहे हे तिला माहीत नव्हतं.

"ऐकू येतंय ना? चार दिवस झाले," आर्गिरिस सांगत होता. "स्पार्क प्लगच्या वायरी एकेक करून काढून बघितल्या. आवाज तसूभर बदलला नाही, म्हणजे बेअरिंग नाही. शेडमध्ये सगळे म्हणतात, हलकं फ्लायव्हील असंच वाजतं. तू तेवढं मिस्त्रींना विचारून ये, म्हणजे उद्या मी बिनघोर."

मावशी गॅरेजाकडे वळली नाही. "क्लच दाब," ती म्हणाली.

"काय?"

"क्लच दाब रे आधी!"

दारातून आत वाकून त्यानं डाव्या पायानं क्लच दाबला. आवाज बंद. "सोड." टक-टक. टक. मावशीच्या डाव्या पायाला फळी आठवली.

आता तिला सगळं कळलं. क्लच दाबला की फ्लायव्हील इंजिनाकडे रेटलं जातं आणि सैल बोल्ट तेवढ्यापुरते गप्प बसतात. उद्या चढणीवर हा पोरगा इंजिन पार तांबड्या रेघेपर्यंत ताणणार. तिसऱ्या वळणावर, जिथं एका बाजूला दरी आहे, तिथं ते लोखंडी चाक सुटणार. त्याच्याभोवती गिअरबॉक्सचं पातळ कवच, कवचामागे पत्रा, आणि पत्र्यामागे ड्रायव्हरचे पाय. असं एक कवच फार वर्षांपूर्वी त्यांच्या गॅरेजात आलं होतं. कलिंगडासारखं फुटलेलं. त्या गाडीचा माणूस कुठं आहे, असं तिनं तेव्हा विचारलं होतं आणि पेलोपीदासनं उत्तर दिलं नव्हतं.

"गिअरबॉक्स उतरव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. खड्डा मोकळा करून देते."

"डोकं फिरलंय का तुझं? उद्या सकाळी शर्यत आहे!"

"बोल्ट सुटलेत तुझे."

"सुटतील कसे? मिस्त्रींनी सांगितलं तस्सं केलंय. गोंद लावला, पान्यानं आवळले. मिस्त्रीच म्हणाले ना, जुने चालतील?"

 मावशीच्याच तोंडून गेलेला मिस्त्रींचा शब्द आता तिच्या आड उभा होता. कॉफीचा कप तिनं पायरीवर ठेवला. 

"ते तो नव्हता म्हणाला. मी म्हणाले."

"म्हणजे?"

"मी त्या दिवशी गॅरेजात गेलेच नाही, आर्गिरिस. बोळात उभी होते. उभ्या उभ्या चपला घासल्या."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "बरं, त्या दिवशी नसशील गेली. पण बाकीच्या वेळी? तेव्हा तर सांगायचे ना ते?"

"जात होते. विचारतही होते." तिला वाटलं, इथं थांबावं. थांबली नाही. "तो काहीच म्हणायचा नाही रे. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. मीच बोलतेय. सगळं मीच बोलतेय."

आर्गिरिसचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "गाव तुला हसायचं तेव्हा मी भांडलोय लोकांशी," तो म्हणाला. "माझ्या नोनाला खोटं म्हणायचं नाही म्हणून एकाची कॉलर धरलीय." मग त्याचा आवाज चढला. "आणि आता तुझं मी का ऐकू? त्या दिवशी सांगणारी तूच, आज सांगणारीही तूच. तुझं आजचं तरी खरं कशावरून?"

तो बरोबर बोलत होता. तो गाडीत बसला आणि धाडकन दार ओढून घेतलं. मावशी जवळजवळ धावतच गॅरेजात गेली. खिळ्यावरच्या काठीचं दातांचं टोक आज खाली, तिच्याकडे होतं. काठी काढून घेऊन ती बाहेर आली आणि गाडीसमोर उभी राहिली.

"बाजूला हो, नोना."

"एकदा ऐक. मग जा. नाही अडवणार तुला."

तो चिडून उतरला, बॉनेट उघडलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं काठीचं टोक मावशीनं टेकवून दिलं. दुसरं टोक त्यानं दातांत धरलं. ते मिस्त्रींच्या दातांचे खड्डे होते, आणि त्याचे दात त्यांत नीट बसले. त्यानं डोळे मिटले. ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

मावशी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आधी त्याच्या कपाळावर आठी होती. मग आठी गेली. मग रंग गेला. गाडीचं इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. चावीला कुणाचाच हात लागलेला नव्हता. अंगणात सगळीकडे चिडीचूप झालं. आणि आर्गिरिस तसाच वाकून, मेलेल्या इंजिनावर काठी टेकवून ऐकत राहिला. मध्येच त्यानं मान हलवली, समोरचा बोलत असताना आपण हं हं म्हणून हलवतो तशी.

बऱ्याच वेळानं त्यानं काठी तोंडातून काढली. ओठ पुसले.

"नोना, तुला टेलिफोन कोण म्हणतं?"

मावशी मागं मागं सरत गेली आणि पायरीवरच्या कपाला तिचा पाय लागला. कॉफी लवंडली.

"तो म्हणतोय," आर्गिरिस हळू आवाजात म्हणाला. हे शब्द आजवर दुसऱ्या कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. "तो म्हणतोय, ए टेलिफोन, मी जे बोललो नाही ते माझ्या नावावर सांगू नकोस."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचंही तिला भान नव्हतं. "रागावलाय का?"

"नाही." त्यानं जरा आठवलं. "तुला सगळं येतं म्हणाला. आता तुझं तू सांग म्हणाला."

"आणखी?"

"आणखी काही नाही. मग आवाजच आला नाही."

गाडी ढकलत दोघांनी खड्ड्यावर नेली. संध्याकाळी गिअरबॉक्स खाली आला. आठांपैकी पाच बोल्ट आर्गिरिसनं नुसत्या बोटांनी फिरवले. एकाचं डोकं हात लावताच तुटून त्याच्या तळहातावर पडलं. ते मुठीत धरून तो खड्ड्यातच खाली बसला.  मावशीनं वरून हात खाली सोडला आणि त्यानं तो धरून ठेवला.

रविवारी दोघंही अंगणातल्या बाकावर बसून डोंगरावरून येणारे आवाज ऐकत होती. एकेक गाडी पुलावरून निघे, तिसऱ्या वळणाशी आवाज डोंगराआड जाई आणि पलीकडे पुन्हा उमटे. दर वेळी तेवढा वेळ आर्गिरिस श्वास रोखून धरायचा. नवे बोल्ट सणानंतर आले. ते मावशीसमोर बसवले गेले, आणि कवच बंद करण्याआधी तिनं मेणबत्तीच्या काजळीनं आतून एक क्रूस काढला.

त्यानंतर दुपारी गॅरेजातून आवाज आला नाही. मावशी दोन-तीनदा मुद्दाम गेली. फळीवर डावा पाय ठेवला, उचलला, वाट पाहिली. खुर्चीची बैठक गार होती. तिनं खुर्चीच्या हातावर बोटानं टक-टक करून पाहिलं, "अरे, आहेस का?" असंही विचारलं. दोन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा फोन वाजला होता म्हणून रडणं अर्धवट राहिलं होतं. ते तिनं आता पुरं केलं.

मग एका सकाळी फोन वाजला. फ्लोरिनाचाच माणूस होता.

"ख्रिस्त उठला, मावशी! चौथ्या गिअरला गाडी घरघरतेय, आणि पाय सोडला की जास्तच. ऐका, फोन धरतो." त्यानं फोन धरला, मग पुन्हा कानाला लावला. "मिस्त्री काय म्हणतात?"

'थांब' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला.

"खरंच उठला," ती म्हणाली. "पण मिस्त्री नाहीत. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. मी तुला सांगायला हवं होतं. आता तुझ्या गाडीचा आवाज मी ऐकलाय, आणि काय ते मी सांगते. ऐकायचं तर ऐक."

 पलीकडे तो खाकरला.

"बोला, मावशी."

मावशी सांगू लागली. रिसीव्हर एका हातात होता. दुसऱ्या हाताचं बोट रिसीव्हर धरलेल्या हाताच्या मनगटावर ती घरघर वाजवत होतं.